शेंदराखालचा माणूस

उत्तममामा काळबांडे कुणालाही पहिल्यांदा भेटले की नाव विचारत नसत, गाव विचारत नसत, आणि ज्या एका प्रश्नासाठी आपल्याकडे आधीचे हे दोन प्रश्न विचारले जातात तो तर मुळीच विचारत नसत. ते विचारत, “तुमची नदी कोनती?”

पांगरघाटच्या जनावरांच्या दवाखान्यात मी बदलून आलो त्या पहिल्याच सकाळी हा प्रश्न माझ्यावर आदळला. दारात एक उंच, वाळलेले गृहस्थ उभे होते. अंगात खाकी पँट आणि पांढरा सदरा, नाकावर चष्मा आणि सोबत जनावर नाही. मी विचारलं, “काय आणलंय?” म्हणाले, “काई नाही. मीच आलो.” मी खुर्ची पुढे केली. बसायच्या आधीच त्यांनी नदी विचारली. मी खरं ते सांगितलं, की आमच्या गावाला नदी नाही, बोअर आहे. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ कळवळून पाहिलं.

“अरारा,” ते म्हणाले. “मंग लहानपनी तुमी बुडाले कुठी?”

बुडालो नाही म्हटल्यावर त्यांना आणखीच वाईट वाटलं. ते उठले, माझ्या हातातलं थर्मामीटर काढून टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, “चला. आजपासून पैनगंगा तुमची. दाखवतो.” बाहेर एक म्हैस आणि दोन बकऱ्या वाट पाहत होत्या. त्यांच्या मालकांनी मला हातानेच ‘जा, जा’ अशी खूण केली. गावात नवा आलेला माणूस मामांच्या हाती लागला की तो घाट पाहूनच परत येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

मामा आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. रिसोडची गाडी म्हणजे मामा, असं समीकरण होतं. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, नाहीतर शेताला लागतात. मामा घाटाला लागले. पांगरघाटला पैनगंगेवर काळ्या दगडाचा जुना घाट आहे, त्याच्या टोकाला अर्धं जमिनीत गेलेलं महादेवाचं हेमाडपंती देऊळ आहे, आणि मागे एक बारव आहे. हे सगळं मामा येईल त्याला दाखवीत. पण सवय कुठली जाणार? पायऱ्यांवर चार माणसं जमली की ते ओरडायचे, “पुढं सरका, पुढं सरका, मधी जागा हाय!” एखाद्याने कोरीव कामाला हात लावला की, “हात आत घ्या!” आणि एक जागा दाखवून झाली की दोन टाळ्या वाजवायच्या. म्हणजे गाडी निघाली.

लग्नसराईत तर ते दबाच धरून बसत. एकदा रिसोडकडच्या एका वरातीतले नवरदेवाचे मामा ऐन मुहूर्ताला सापडेनात. मामाशिवाय अंतरपाट कोण धरणार? मंडपात बोंबाबोंब झाली. शेवटी नवरीचा बाप स्वतःच घाटावर धावला, कारण गावात माणूस हरवला की आधी कुठे पाहायचं हे त्याला माहीत होतं. आमचे मामा त्या मामांना बारवेतले कोनाडे समजावून सांगत होते. “लग्न तं काय, रोज लागतात,” उत्तममामा नवरीच्या बापाला म्हणाले, “हे पाहुने पुन्हा कवा येनार?”

त्यांच्या बोलण्यात बढाई भरपूर होती, पण थाप नव्हती. या मुलखात कुठल्याही जुन्या दगडाबद्दल विचारा, तो पांडवांनी एका रात्रीत रचलेला असतो. मामांचं त्यावरून डोकं फिरे. “पांडव का ठेकेदार व्हते? जठी जाव तठी एका रातीत देऊळ, एका रातीत बारव! अन् हे रातभर गवंडीकाम करत, तं द्रौपदी सयपाक कोनासाठी करे?” त्यांना जे माहीत होतं तेवढंच ते सांगत. घाट कोणी बांधला असं विचारलं की हात वर करीत आणि म्हणत, “याच्या पुढचं तिकीट आपल्यापाशी नाही.” माझ्या पाहण्यात इतक्या अभिमानाने ‘मला माहीत नाही’ म्हणणारा दुसरा माणूस नाही.

घरी मात्र त्यांना श्रोता नव्हता. वच्छलामामी मोठी फटकळ बाई. लग्नाला इतकी वर्षं होऊन गेली, तरी तिने त्यांच्यासोबत घाट पाहायला म्हणून कधी पाऊल टाकलं नव्हतं. “मले पाहाले आले तं माह्या तोंडाकडे पायलं नाही,” ती मला चहा देता देता सांगे. “माह्या बापाले म्हने, तुमच्या गावची नदी कोनती? बाप म्हने, पूर्णा. हे म्हने, मंग पसंत हाय! माहा बाप बिचारा तीन दिवस इचार करत व्हता, पोरगी पसंत का नदी पसंत?” मामा यावर बशीत चहा ओतून गुपचूप पीत. तरी जेवताना, झोपताना, अंगण झाडताना त्यांची एकतर्फी गोष्ट चालूच असे, आणि मामी भांड्यांचा आवाज वाढवून ती ऐकायचं टाळत असे.

मामांचा खरा जीव होता एका दगडात. घाटाच्या खालच्या पायरीवर तो आडवा पडला होता. वीरगळ होता तो, म्हणजे लढून मेलेल्या माणसाच्या नावाने उभा केलेला दगड. खालच्या चौकटीत ढाल-तलवार घेतलेला माणूस आणि त्याच्या मागे गाई, मधल्या चौकटीत त्याला वर नेणाऱ्या अप्सरा, वरच्या चौकटीत तो महादेवापुढे हात जोडून बसलेला, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. “कोनीतरी चोरटे गावच्या गाई हाकून नेऊन राह्यले असतीन,” मामा सांगत, “अन् हा गडी आडवा गेला. राजा नाही, सरदार नाही. आपल्यातलाच. नाव? याच्या पुढचं तिकीट नाही.” मग ते एकदम खेकसत, “अन् तुमी त्याच्या छातीवर लुंगी आपटून राह्यले!”

कारण गावातल्या बाया त्या दगडावर कपडे धूत. मामांनी विनवून पाहिलं, ओरडून पाहिलं. बाया म्हणत, “मामा, याच्यावर कपडे लय साफ निंगतात हो.” कोरीव काम असल्यामुळे मळ चांगला घासला जाई, हे खरंच होतं.

मग घाटाशेजारी संरक्षक भिंतीचं काम निघालं. भिंतीच्या पायात भराव लागतो, आणि घाटाचे सुटे दगड आयतेच पडलेले होते. मामा ग्रामपंचायतीत गेले. सरपंच दिगंबरभाऊ तसे वाईट नव्हते. पण त्यांना घाई असे, कशाची ते मात्र कधी कळलं नाही. “मामा,” ते म्हणाले, “गोटाच तं हाय. जमिनीच्या वर राह्यला काय अन् खाली गेला काय, गोटाच राह्यते.” मामांनी वीरगळाची गोष्ट पहिल्या चौकटीपासून सुरू केली. दुसऱ्या चौकटीला दिगंबरभाऊंचा फोन वाजला आणि ते अप्सरांना अधांतरी सोडून निघून गेले. जेसीबी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होता.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडतो तो मामा दारातच. आजही जनावर नाही. “डॉक्टर, थोडं स्पिरिट द्या,” असं म्हणून त्यांनी हात पुढे केले. दोन्ही हात कोपरापर्यंत भगवे झाले होते, आणि नखांत शेंदूर बसला होता. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, “इचारू नका. इतिहास समजावून सांगतला, कोनी नाही आयकला. आता त्याह्यले समजते त्या भाषेत सांगतला.”

मी घाटावर जाऊन पाहिलं. आडवा पडलेला वीरगळ पहारीने उचकटून उभा केला होता. त्याला नखशिखांत शेंदूर फासला होता, पुढे नारळ फोडलं होतं, लिंबू ठेवलं होतं, चार रुईची पानं वाहिली होती. जेसीबीवाला खाली उतरला होता, चपला काढून लांब ठेवल्या होत्या आणि हात जोडून उभा होता. मग वर चढला आणि ते प्रचंड धूड पाठ न दाखवता, उलट्या चालीने, हळूहळू मागे गेलं. मामा माझ्या शेजारी स्पिरिटने हात पुसत उभे होते. आयुष्यात देवळात घंटा वाजवायला न गेलेला माणूस एका रात्रीत देव बनवून मोकळा झाला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मावत नव्हता.

तो आनंद पुढच्या पोळ्यापर्यंत टिकला. मग देव मोठा व्हायला लागला.

आधी कुणाची तरी हरवलेली म्हैस सापडली. नवस केला आणि दुपारी घरी आली म्हणे. ती रोजच दुपारी घरी येत असे, पण ते आता कोण लक्षात घेतो? लगेच देवाला नाव मिळालं, गायराखा बाबा. मग माझ्या पोटावर पाय आला. फुगलेल्या बैलाला मी नळी घालून, घाम गाळून वाचवावं, आणि मालकाने घरी जाताना नारळ बाबापुढे फोडावा! “इंजेक्शन तुमीच देल्लं डॉक्टर,” लोक समजूत काढत, “पन सुई बाबानं चालवली.” मी मामांकडे तक्रार केली. मामांची अवस्था माझ्याहून वाईट होती.

दर शनिवारी कुणीतरी येऊन तेल-शेंदराचा आणखी एक हात देई. आधी गाई शेंदरात बुजल्या. मग अप्सरा गेल्या. “डॉक्टर, गेल्या महिन्यात तलवार दिसे,” मामा म्हणत, “आता नुसती मूठ दिसून राह्यली.” शेवटी चंद्र-सूर्यही गेले आणि वीरगळाचा एक गुळगुळीत, भगवा, गोलसर उंचवटा झाला. पाहुण्यांना घेऊन मामा तिथे थांबत आणि आत काय आहे ते बोटाने हवेत काढून दाखवत. एक दिवस एका बाईने भक्तिभावाने पाहुण्यांना सांगितलं, “हा बाबा भीमानं एका रातीत इथं गाडला.” मामा तिथल्या तिथे खाली बसले. मी पाणी आणून दिलं.

खरा घात पुढेच होता. दिगंबरभाऊ आता बाबांच्या समितीचे अध्यक्ष झाले होते, आणि समितीने ठरवलं की बाबा उन्हात उभे राहतात, हे बरं दिसत नाही. घाटात खांब गाडून वर टिनाचा मंडप, आणि पायऱ्या उखडून सिमेंटवर चकचकीत टाइल. टाइलवर कमळं होती. येत्या पोळ्याला, सगळं गाव बैल घेऊन नदीवर येतं, तेव्हाच पहिली कुदळ मारायची होती. म्हणजे जो दगड वाचवण्यासाठी मामांनी देव केला होता, तोच देव आता आख्खा घाट खायला निघाला होता.

मामांनी ठरवलं, खरं सांगून टाकायचं. मारुतीच्या पारावर समितीची बैठक होती. मीही गेलो होतो. मामा उभे राहिले आणि कंडक्टरच्या खणखणीत आवाजात म्हणाले, “आयका! बाबा-बिबा काही नाही. शेंदूर म्या लावला. माह्या हातानं!”

मला वाटलं, आता दगड पडणार. तेवढ्यात दिगंबरभाऊ सावकाश उठले. त्यांचे डोळे भरून आले होते.

“मामा,” ते म्हणाले, “तुमी कोन लावनारे? त्यानं तुमच्याकून लावून घेतला!”

“अबे, म्या जेसीबीच्या भेवानं लावला!”

“जेसीबी तरी कोनं आनला व्हता? त्यानंच! म्हंजे तुमी शेंदूर लावसान!” दिगंबरभाऊंनी मारुतीच्या गळ्यातला हार काढला आणि मामांच्या गळ्यात घातला. “देवाले न माननाऱ्या मानसाच्या हातून त्यानं सेवा करून घेतली. याच्याहून मोठा चमत्कार कोनता?” सगळे मामांच्या पाया पडायला उठले. मामा हार घालून, तोंड उघडं ठेवून उभे. कोणीतरी त्याचा फोटो काढून गावभर पाठवला. मला तो फोटो आजही पाहवत नाही, आणि हसूही आवरत नाही.

त्या दिवसापासून मामा जवळजवळ बोलेनासे झाले. जेवताना नाही, अंगण झाडताना नाही. वच्छलामामी एकदा दवाखान्यात आली. “डॉक्टर, घरात लय शांत वाटून राह्यलं,” असं म्हणाली आणि काही औषध असेल तर द्या म्हणाली. मी म्हटलं, मामी, मी गुरांचा डॉक्टर. ती उठून गेली.

पोळा आला. बैल धुऊन, शिंगं रंगवून, झुली चढवून घाटावर आणले होते. टाइलचा ट्रक वर उभा होता. दिगंबरभाऊंनी नवा फेटा बांधला होता. मामा गर्दीच्या मागे, पिंपळाला टेकून उभे होते. ते यायला तयार नव्हते. मीच त्यांना ओढून आणलं होतं. दिगंबरभाऊंनी कुदळ उचलली, आणि बायांच्या घोळक्यातून एक किंकाळी आली.

वच्छलामामीचे केस सुटले होते. ती घुमत होती. बाया बाजूला झाल्या आणि मामी डुलत डुलत सरळ दगडापाशी आली.

“कोन हाय रे तो, माह्या डोक्शावर टीन ठोकनारा?”

दिगंबरभाऊंच्या हातातली कुदळ गळाली. “बाबा, म... मीच. सावलीसाठी, बाबा.”

“सावली? मी ढोरामागचा मानूस! जलम माहा वावरात गेला! माह्या माथ्यावर चंद्र-सूर्य हाय, त्याह्यले झाकता काय रे?”

“नाही बाबा!”

“अन् हे फरशी कायले? बैल घसरून टांग मोडली तं तुहा बाप बसवनार हाय काय?” इथे सगळ्या गावाने माझ्याकडे पाहिलं. मी घाईघाईने मान डोलावली. वैद्यकीयदृष्ट्या बाबांचं म्हणणं अगदी बरोबर होतं.

“बाबा,” दिगंबरभाऊ हात जोडून म्हणाले, “टाइल तं ट्रकभर आली ना!”

“शाळेच्या संडासाले लावा!”

“कमळं हाय बाबा त्याच्यावर...”

“पोट्ट्याह्यले कमळं आवडतात! अन् हा शेंदूर खरडा! आंगावर किती चढवसान? माही तलवार कुठी? माह्या गाई कुठी? गाईसाठी मेलो मी, अन् तुमी माह्या गाईच झाकल्या!” मामीचा आवाज फाटला होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “दर पोळ्याले मले मोकळा करा. बैल पाहू द्या मले. आयकलं काय?”

“आयकलं बाबा!” सगळं गाव एका आवाजात म्हणालं. मामी धाडकन खाली बसली. बायांनी पाणी पाजलं. तिने इकडेतिकडे पाहिलं, डोक्यावर पदर घेतला आणि विचारलं, “काय झालं वं?”

मी वळून मामांकडे पाहिलं. ते पिंपळाला टेकूनच होते, पण हात जोडलेले होते. आपण हात जोडलेत हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी ते घाईने खिशात घातले.

त्याच दिवशी बायांनी गरम तेल लावून शेंदूर मऊ केला आणि लाकडाच्या पट्ट्यांनी थर उतरवले. ज्या बाया त्यावर कपडे आपटत होत्या त्याच होत्या. आधी चंद्र-सूर्य निघाले. मग अप्सरा. तलवार दिसली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि गाई निघाल्या तेव्हा मामा पुढे आले. गर्दी त्यांच्याकडे पाहत होती. “पुढं सरका,” ते म्हणाले, आणि एकेका गाईवर नुसतंच बोट ठेवत राहिले.

तेव्हापासून आमच्या गावाची रीत झाली. सगळीकडे देवाला शेंदूर चढतो, पांगरघाटला दर पोळ्याला उतरतो. शाळेच्या संडासात कमळं आहेत.

मामांना मात्र एक प्रश्न कुरतडत राहिला. मामीला खरंच काही झालं होतं, की तिने सोंग केलं होतं? आमच्याकडे बसून ते मला शंभरदा विचारत, आणि मी शंभरदा सांगे, मामीलाच विचारा. “भेव वाटते डॉक्टर,” ते म्हणत. “खरं हाय म्हने तं मी आजवर जे बोललो ते सगळं पान्यात गेलं. अन् सोंग हाय म्हने, तं या बाईचे उपकार मी कोन्या जलमी फेडू?” शेवटपर्यंत त्यांनी विचारलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. संध्याकाळी घाटावरून आले, पाणी मागितलं, आणि मामी पाणी घेऊन येईपर्यंत संपलं होतं. नातेवाइकांचं म्हणणं पडलं, अस्थी मोठ्या तीर्थाला न्याव्या. मामी म्हणाली, “दुसऱ्या नदीत टाकलं तं हे मले सपनात येऊन भांडतीन.” त्या पैनगंगेतच सोडल्या.

चौदावं झाल्यावर मी भेटायला गेलो. मामी ओट्यावर तुरीची डाळ पाखडत बसली होती. घर इतकं शांत होतं की सुपाचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. मला राहवलं नाही. मामांना जे विचारता आलं नव्हतं ते मी विचारून टाकलं. म्हटलं, मामी, त्या पोळ्याला तुमच्या अंगात खरंच आलं होतं का?

तिने सूप थांबवलं नाही.

“आलं व्हतं ना,” ती म्हणाली. “पन बाबा नोता तो, डॉक्टर. लग्नापासून हे माह्या कानाशी बोलून राह्यले अन् मी भांडे वाजवून राह्यली. त्या दिवशी तेच आले व्हते.”